जुन्या भयकादंबऱ्यांच्या देखण्या सचित्र आवृत्त्या जमवायच्या तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही साताऱ्यात राहता, पगार बेताचा आहे, ‘फ्रँकेन्स्टाइन’, ‘ड्रॅक्युला’ यांच्या चामडी बांधणीच्या, सोनेरी कडांच्या सचित्र आवृत्त्या जमवायच्या आहेत, आणि पुढेमागे त्यांची किंमत वाढेल का, असं विचारलंय. शेवटचा प्रश्न आधी निकालात काढतो. त्या भरवशावर घेऊ नका. मी सांगलीचा. पैसा वाढवायला इथे लोक हळद घेऊन ठेवतात. ड्रॅक्युला घेऊन ठेवणारा मला अजून भेटायचाय.

बाकी माझं सांगणं एकच: बांधणीवर भाळू नका, चित्रकार बघून पुस्तक घ्या. चामडं काय, कुणीही चढवतं.

‘फ्रँकेन्स्टाइन’चंच घ्या. 1818 साली ते तीन भागांत, फक्त 500 प्रतींत निघालं. लेखिका मेरी शेली हिचं नाव नाही, चित्र एकही नाही. 1831 च्या आवृत्तीत सुरुवातीलाच थिओडोर फॉन होल्स्टचं चित्र आलं: प्रयोगशाळेत घडवलेला नवा जीव जमिनीवर उठून बसतोय आणि त्याला घडवणारा दारातून पळ काढतोय. पुढे 1934 मध्ये लिंड वॉर्डने लाकडावर कोरून चित्रं केली. आणि 1983 मध्ये बर्नी राइटसनची आली, पेन आणि काळी शाई, बस्स. हे काम त्याने पोटापाण्याचे उद्योग सांभाळून सुमारे सात वर्षं केलं. प्रयोगशाळेचं चित्र उघडा आणि नुसत्या काचेच्या बरण्या बघत बसा. प्रत्येक बरणीवरची चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद, बाकी सगळ्या बारीक रेघा. या रेघा त्याने फ्रँकलिन बूथकडून उचलल्या. बूथची गंमत अशी की लहानपणी मासिकांतली कोरीव ठशांची चित्रं पेनाने काढलेली आहेत असं समजून तो ती गिरवत राहिला आणि त्यातूनच त्याची शैली घडली. एका चित्रकाराचं बोट धरलं की असा दुसरा सापडतो. संग्रह खरा असाच वाढतो, कपाटातल्या चामड्याचे रंग जुळवून नाही.

1831 च्या आवृत्तीत लेखिकेने मजकूरही बदलला, म्हणून घेण्याआधी आतला मजकूर 1818 चा की 1831 चा तेही बघा, विक्रेते बहुधा सांगत नाहीत. सोपी खूण सांगतो. एलिझाबेथ ही तो जीव घडवणाऱ्या व्हिक्टरची आतेबहीण असेल तर मजकूर पहिला. इटलीत सापडलेली अनाथ पोर असेल तर 1831 चा. मला पहिला जास्त आवडतो, पण त्यावर भांडायला तयार असलेले लोकही आहेत.

बेताच्या पगाराचा उपाय म्हणजे जॉर्ज मेसी. या गृहस्थाने 1929 मध्ये अमेरिकेत लिमिटेड एडिशन्स क्लब काढला. एका पुस्तकाच्या साधारण 1500 प्रती, आणि बहुतेक पुस्तकांवर चित्रकाराची सही. त्याच माणसाने पुढे हेरिटेज प्रेस काढली: बरीचशी चित्रं तीच, सही नाही, बांधणी साधी. 1965 चा ‘ड्रॅक्युला’, फेलिक्स हॉफमनच्या चित्रांचा, दोन्हीकडे निघाला. सहीवाली प्रत परवडत नाही ना, मग हेरिटेजची शोधा. ईस्टन प्रेसच्या झगमगीत चामडी पुस्तकांतही बऱ्याचदा हेरिटेजसाठी काढलेलीच चित्रं असतात. म्हणजे जादा पैसे चामड्याचे.

चामड्यातही भेद आहे. वर्णनात ‘बाँडेड लेदर’ लिहिलं असेल तर तो चामड्याचा चुरा प्लॅस्टिकसारख्या रसायनात थापलेला असतो. आपल्याकडच्या दोनचार पावसाळ्यांत त्याचे पोपडे निघू शकतात. त्यापेक्षा चांगली कापडी बांधणी कधीही बरी. शिलाई आहे का ते विचारा. पाठीच्या वरच्या टोकाकडून पाहिलं की फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, वेगवेगळे, गोलाई घेतलेले दिसतात आणि फर्म्याच्या मधोमध उघडलं की दोरा दिसतो. नुसता डिंक असेल तर एकसंध सपाट ठोकळा दिसतो. विक्रेत्याकडून या जागेचा फोटो मागवा, तो पुठ्ठ्याच्या चकचकीत फोटोपेक्षा कामाचा.

परदेशातून मागवताना टपालखर्च पुस्तकाहून जास्त होऊ शकतो, शिवाय 2019 च्या अर्थसंकल्पापासून आयात पुस्तकांवर 5 टक्के सीमाशुल्क लागू झालं. म्हणून एकाच विक्रेत्याकडची दोनतीन पुस्तकं एकत्र मागवा. मुंबईत फ्लोरा फाउंटनला आणि पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चक्कर मारत राहा. तिथे अशी पुस्तकं क्वचित दिसतात, पण दिसली की टपालाशिवाय दिसतात.

आता घरातलं. कृष्णाकाठी राहणाऱ्याला पुस्तकं तळमजल्यावर ठेवू नका हे 2019 च्या महापुरानंतर सांगावं लागत नाही. साताऱ्यात तुम्हाला पुराची नाही, बुरशीची धास्ती. काचेचं कपाट कडेकोट बंद ठेवू नका, बाहेरच्या गार भिंतीला टेकवू नका, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की दारं उघडून पंखा लावा. चामड्याला घरातलं कुठलंही तेल चोळू नका, डाग पडतात. कसर लागू नये म्हणून कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवतो, पण दर महिन्याला पुस्तकं हलवून बघण्याला पर्याय नाही.

आमच्याकडे अडत दुकानांच्या खतावण्या बांधणारे बाइंडर आहेत. त्यांच्याकडून मी कापड लावलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्या करून घेतो, ऊन आणि धूळ दोन्ही अडते. पण मूळ पुस्तक त्यांच्या हाती देताना समोर उभे राहा. त्यांचा हात सवयीने कटिंग मशीनकडे जातो, कारण खतावणीच्या कडा साफ करायच्याच असतात. तुमच्या पुस्तकाच्या कडेवर मात्र सोनं आहे आणि समासात चित्राची रेघ. खरं तर पुस्तक नेऊच नका, लांबी, रुंदी, जाडी मोजून कागद द्या आणि जाडीत दोन मिलिमीटर सैल ठेवायला सांगा.

पहिली खरेदी? वॉर्डचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ डोव्हर या प्रकाशनाने पुन्हा छापलाय, तो घ्या. चित्रं अंगात मुरू द्या, मग हॉफमनचा ड्रॅक्युला. कादंबरीचा हट्ट नसेल तर एडगर ॲलन पो यांच्या भयकथांसाठी डब्लिनच्या हॅरी क्लार्कने 1919 मध्ये केलेली चित्रंही बघा. तो मूळचा रंगीत काचांच्या खिडक्या करणारा. 1923 च्या आवृत्तीत त्याने रंगीत चित्रंही घातली, म्हणून पुनर्मुद्रण घेताना रंगीत पानं आहेत का ते विचारून घ्या. फक्त घरात लहान मुलं असतील तर हे वरच्या फळीवर. जिवंतपणी पुरलेल्या माणसाचं चित्र त्यात आहे.