कंटेनरमधले लोकलहोस्ट नेमके कोणाचे?

प्रश्न : आमच्या एकत्रीकरण चाचण्या माझ्या लॅपटॉपवर सुरळीत चालतात. बिल्ड पाइपलाइनमध्ये (कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या यंत्रणेत) चाचण्या आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस हे दोन्ही डॉकर कंपोजच्या (अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या साधनाच्या) वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे एकमेकांपासून अलग ठेवलेल्या कप्प्यांत, असतात आणि तेथे मात्र 'कनेक्शन रिफ्यूज्ड' (जोडणी नाकारली) असा संदेश येतो. डेटाबेसचा पत्ता लोकलहोस्ट (म्हणजे 'हेच यंत्र'), पोर्ट ५४३३ असा असून कंपोज फाइलमध्ये '५४३३:५४३२' अशी नोंद आहे. चाचण्यांआधी तीस सेकंद थांबूनही उपयोग झाला नाही.
— एक वाचक, विजयनगर, इंदूर

उत्तर : आपण कितीही वेळ थांबलात तरी हा संदेश जाणार नाही, कारण पत्ताच चुकलेला आहे. राजवाड्यापाशी भेटलेली दोन माणसे 'मी घरी जातो' म्हणतात, तेव्हा प्रत्येकाचे घर वेगळे असते. त्याचप्रमाणे चाचणीच्या कंटेनरमधले लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच, आणि त्याच्यात पोस्टग्रेस नाही. लॅपटॉपवर आपण चाचण्या बहुधा कंटेनरबाहेरून चालवत असाल, म्हणून तेथे हा दोष झाकला गेला.

कंपोज आपल्या सर्व सेवांसाठी एक स्वतंत्र नेटवर्क तयार करते आणि त्यात सेवेचे नाव हाच पत्ता असतो. तेव्हा होस्ट म्हणून, म्हणजे लोकलहोस्टच्या जागी, कंपोज फाइलमधले डेटाबेसच्या सेवेचे नाव द्यावे आणि पोर्ट ५४३२ ठेवावा. '५४३३:५४३२' या नोंदीतला ५४३३ हा पोर्ट यजमान यंत्रावरून (ज्यावर कंटेनर चालतात त्या यंत्रावरून) येणाऱ्यांसाठी आहे, तर ५४३२ हा कंटेनरच्या आतला. पाइपलाइनमध्ये बाहेरून कोणी येत नसेल, तर ती नोंद काढूनच टाकावी, म्हणजे एकाच यंत्रावर दोन बिल्ड चालताना पोर्टवरून अडथळा येणार नाही. कंटेनर 'डॉकर रन'ने सुटे चालवत असाल, तर नेटवर्क स्वतः तयार करावे लागेल. डॉकरच्या मूळ ब्रिज नेटवर्कमध्ये कंटेनर एकमेकांना नावाने सापडत नाहीत.

पत्ता सुधारल्यावरही त्या तीस सेकंदांवर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. यंत्र मंदावले की ते अपुरे पडतात, एरवी वाया जातात. कंपोज फाइलमध्ये 'डिपेंड्स ऑन' (ही सेवा त्या सेवेवर अवलंबून आहे) एवढेच लिहिल्यास कंपोज कंटेनर सुरू होईपर्यंतच थांबते, डेटाबेस सज्ज होईपर्यंत नव्हे. म्हणून 'सर्व्हिस हेल्दी' ही अट आणि तिच्या जोडीला 'पीजी इज रेडी'ची (पोस्टग्रेस जोडणी स्वीकारतो का हे पाहणाऱ्या आज्ञेची) आरोग्य-तपासणी लिहावी. येथे एक बारकावा सहज निसटतो. पोस्टग्रेसची अधिकृत प्रतिमा (ज्यावरून कंटेनर तयार होतो तो साचा) पहिल्या सुरुवातीला प्रारंभिक तयारीसाठी एक तात्पुरता सर्व्हर उभा करते, जो केवळ युनिक्स सॉकेटवर (नेटवर्कऐवजी त्याच यंत्रातल्या अंतर्गत मार्गावर) ऐकतो आणि तयारी संपताच बंद होतो. तपासणीत होस्ट दिला नसेल, तर ती त्याच सॉकेटवरून 'सज्ज' असे उत्तर आणू शकते आणि चाचण्या वेळेआधीच सुटतात. त्यासाठी तपासणीच्या आज्ञेत होस्ट म्हणून १२७.०.०.१ (लोकलहोस्टचाच अंकी पत्ता) स्पष्ट लिहावा, म्हणजे ती सॉकेटऐवजी नेटवर्कवरून विचारेल. ही तपासणी डेटाबेसच्याच कंटेनरमध्ये चालत असल्यामुळे तेथे हा पत्ता योग्य ठरतो.