कॅलरी मोजूनच खायचं असेल, तर अल्ट्रा-प्रोसेस्ड अन्नाने, म्हणजे घरच्या स्वयंपाकात न वापरले जाणारे घटक घालून कारखान्यात बनवलेल्या अन्नाने, काय बिघडतं? आणि ते ओळखायचं कसं?

मोजलेल्या मर्यादेत खरोखरच राहिलात, तर वजनाचं फारसं बिघडणार नाही. पण हे अन्न तुम्हाला त्या मर्यादेत सहज राहू देत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा असलेले संशोधक केविन हॉल यांचा २०१९चा प्रयोग पाहा. २० जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड आणि दोन आठवडे साधा, कमी प्रक्रियेचा आहार दिला. समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, मीठ, चरबी, तंतू (फायबर) दोन्हींत जुळवलेले. हवं तेवढं खायची मुभा. अल्ट्रा-प्रोसेस्ड आहारावर लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. वजन साधारण ०.९ किलो वाढलं, साध्या आहारावर तेवढंच उतरलं. मऊ, कोरडं, थोड्याशा घासांत भरपूर कॅलरी असलेलं अन्न भराभर पोटात जातं आणि पोट भरल्याची जाणीव मागे राहते. गंमत म्हणजे तंतूंचं प्रमाण जुळवायला संशोधकांना ते पेयांत मिसळावे लागले, कारण अल्ट्रा-प्रोसेस्ड पदार्थांत ते मुळातच कमी होते.

ओळखताना ‘पाचपेक्षा जास्त घटक’ वगैरे नियम सोडून द्या. घरच्या मसालेदार भाजीतही दहा असतात. स्वयंपाकघरात कधीच न येणारे घटक शोधा: माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, हायड्रोजनेटेड तेल, प्रोटीन आयसोलेट, इमल्सिफायर, फ्लेवर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. म्हणून साखर तीन नावांनी (उदा. साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप) विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं. ती तिन्ही मनातल्या मनात एकत्र करा. मिठासाठी सोडियमला २.५ने गुणा: १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे. आकडे ‘प्रति सर्व्हिंग’ (एका वेळच्या वाढपासाठी) असतील, तर पाकिटात किती सर्व्हिंग आहेत तेही बघा. चूक बहुतेक वेळा तिथेच होते.

मात्र सगळं एकाच मापाने मोजू नका. मोठ्या निरीक्षण-अभ्यासांत (लोक काय खातात आणि त्यांना कोणते आजार होतात, हे फक्त टिपणाऱ्या अभ्यासांत) हृदयविकार आणि मधुमेहाशी सर्वांत ठळक संबंध गोड पेयांचा आणि प्रक्रिया केलेल्या मांसाचा दिसतो. अख्ख्या धान्याच्या पॅकबंद ब्रेडचा तसा दिसत नाही, काही ठिकाणी उलटाच दिसतो. म्हणून आधी गोड पेयं बंद करा, मग सॉसेज-सलामी, मग अधल्यामधल्या वेळी खायची पाकिटं. ब्रेडवरून डोकं शिणवायची घाई नाही. त्याऐवजी कडधान्यं आणि भाज्या वाढवताना दोन-तीन आठवडे घ्या, पाणीही वाढवा. तंतू एकदम वाढवले की पोट फुगतं आणि लोक चौथ्या दिवशी पुन्हा पाकिटाकडे वळतात.