‘हाय प्रोटीन’ म्हणून फिरणाऱ्या शाकाहारी पाककृतींवरचे आकडे कितपत खरे असतात?

बहुतेक वेळा खरे नसतात. मी काट्यावर तोलून पाहिलंय, म्हणून सांगते.

दोन वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. वजन ५८ किलो. डॉक्टर म्हणाले, दिवसाला ६० ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे. दादाने बंगळुरूहून लगेच व्हिडिओ पाठवला: ओट्स-चियाचं धिरडं, ‘३० ग्रॅम प्रोटीनचा नाश्ता’. वर फोनवर बजावलं, “आता ते पिठलं-भाकरी बंद कर, नुसते कार्ब्स आहेत.” मी तीन आठवडे रोज सकाळी ते धिरडं केलं. आई बिचारी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायची. तिला काही ताकद येईना.

मग मी छोटा वजनकाटा आणला. ओट्स ४० ग्रॅम, म्हणजे प्रोटीन साधारण ५. चिया एक चमचा, म्हणजे जेमतेम १. दोन चमचे दही, आणखी १. झाले ७! मग ३० आले कुठून? १०० ग्रॅम ओट्समध्ये १३ आणि १०० ग्रॅम चियामध्ये १७, यांची सरळ बेरीज केली की बरोबर ३० येतात. पण १०० ग्रॅम चिया एका बैठकीत कोण खातं?

त्याच काट्यावर आईचं नेहमीचं ताट मांडलं. पिठल्याला ४० ग्रॅम बेसन: ९. ज्वारीच्या भाकरीला ६० ग्रॅम पीठ: ६. वाटीभर दही: ३. दोन चमचे शेंगदाण्याची चटणी: ५. एकूण २३. शिवाय ज्वारीत लायसिन (प्रोटीनमधला एक गरजेचा घटक) कमी असतं, ते बेसन भरून काढतं. आमच्या आजीला लायसिन हा शब्द माहीत नव्हता, पण ताट बरोबर वाढायची.

डाळींच्या पाककृतींत तर हमखास फसवणूक होते. तुरीच्या १०० ग्रॅम कोरड्या डाळीत २२ ग्रॅम प्रोटीन असतं, आणि तोच आकडा वाटीभर वरणाला चिकटवतात. त्या वाटीत डाळ असते २५-३० ग्रॅम, बाकी पाणी. म्हणून पाककृतीत कोरडं वजन आणि किती माणसांसाठी हे दिलेलं नसेल, तर तो आकडा सोडून द्या.

सगळ्याच पाककृती वाईट नाहीत. मूगडाळीचं धिरडं, पनीर, सोयाबीनच्या वड्या यांत खरंच भरपूर प्रोटीन मिळतं. मात्र बी-१२ जीवनसत्त्व डाळी-भाज्यांतून मिळत नाही, त्यासाठी दूधदुभतं किंवा गोळी लागते. आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रोटीन किती घ्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा, माझं ऐकू नका.

दादा, तू हे वाचशीलच. त्या २३ची बेरीज आईच्या फ्रीजवर अजून चिकटवलेली आहे. दिवाळीला आलास की काटा काढून ठेवते, तूच तोलून बघ.