दुसरा गिअर करकरतो, गिअरबॉक्स बदलायचा का?

प्रश्न : आमची पेट्रोल हॅचबॅक १४ वर्षांची आहे. भेरूघाटात तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर आणली की करकर होते. मेकॅनिक म्हणतो, अख्खा गिअरबॉक्सच बदला. एवढा खर्च करावा का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : आधी क्लच तपासा. इंजिन चालू, गाडी उभी. क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तेव्हाही करकरलं तर क्लच पुरता सुटत नाही. केबल ॲडजस्ट करून बघा, कदाचित तेवढ्यावरच भागेल.

रिव्हर्स नीट पडतो आणि दुसराच कुरकुरतो, तर त्याची पितळी सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी कडी) झिजलेली असणार. उतारावर हाच गिअर जास्त वापरला जातो, म्हणून तो आधी जातो. मग गिअरबॉक्सचं ऑइल काढून बघा. (भरायचा बोल्ट आधी सैल करा, तो अडकला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल!) सोनेरी चुरा म्हणजे रिंग, पोलादी तुकडे म्हणजे दात किंवा बेअरिंग. मॅन्युअलमध्ये गिअर ऑइलचा दर्जा जीएल-४ लिहिला असेल तर जीएल-५ भरू नका. त्यातली काही रसायनं पितळ खातात.

रिंग स्वस्त असते, पैसे जातात ते गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीत. म्हणून स्लीव्ह (सरकून गिअर जोडणारी कडी), ऑइल सील, रिलीज बेअरिंग (क्लच दाबणारं बेअरिंग) त्याच वेळी बघून घ्या. क्लच प्लेट झिजली असेल तर तीही बदला. सुटे भाग आणि मजुरी वेगळी लिहिलेलं एस्टिमेट मागा. अख्खा बॉक्स बदलणं मेकॅनिकच्या सोयीचं. दात तुटले असतील तरच त्याचा विचार करा.