वाचकांचे प्रश्न : तेल महागले, म्हणून घरात लाकूड जाळावे का?

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी न्यू हॅम्पशायरमध्ये नॅशुआजवळ एक जुने घर घेतले. तळघरात तेलाचा बॉयलर आहे आणि एका हिवाळ्याला साधारण ८०० गॅलन तेल लागते. यंदा आम्हाला गॅलनला ४ डॉलर ६० सेंट असा भाव सांगितला आहे. दिवाणखान्यात आधीच्या मालकांनी १९७० च्या दशकात बसवलेला लोखंडी वुड स्टोव्ह आहे. शेजारी म्हणतात की लाकूड जाळा, तेलाला हातही लावू नका. लाकूड ४०० डॉलरला एक कॉर्ड मिळते. नवा स्टोव्ह आणि धुराड्याचे अस्तर बसवण्याचे ५,५०० डॉलर होतील. यंदाच लाकडावर जावे का?

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांचा सल्ला चांगल्या मनाचा आहे, पण या हिवाळ्यापुरता तो उशिरा आलेला आहे. डिसेंबरात जाळायचे लाकूड त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात घेऊन चालत नाही; ते निदान आदल्या वसंत ऋतूत फोडून, रचून, वाऱ्याला लावून ठेवलेले असावे लागते. तेलाचा भाव एका रात्रीत चढतो, लाकूड मात्र आपल्या गतीनेच वाळते, आणि घाईने केलेले बहुतेक निर्णय याच ठिकाणी फसतात.

प्रथम हिशेब पाहू. एक कॉर्ड म्हणजे नीट रचलेले १२८ घनफूट लाकूड, म्हणजे ४ फूट रुंद, ४ फूट उंच आणि ८ फूट लांब अशी रास. मेपल, ओक, अ‍ॅश यांसारख्या टणक आणि चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या एका कॉर्डमध्ये सुमारे २ कोटी २० लाख बीटीयू (हे उष्णता मोजण्याचे एकक) उष्णता असते आणि चांगला स्टोव्ह तिच्यातली ७० टक्क्यांच्या आसपास खोलीत देतो. एक गॅलन तेलात सुमारे १ लाख ३८ हजार बीटीयू असतात आणि बऱ्या स्थितीतला बॉयलर त्यातले ८५ टक्के देतो. या दोन्हींचा भागाकार केला तर एक कॉर्ड लाकूड साधारण १३० गॅलन तेलाचे काम करते. म्हणून कॉर्डच्या किमतीला १३० ने भागावे. आपल्या बाबतीत उत्तर ३ डॉलर ८ सेंट येते, आणि तेल याहून महाग असेल तरच लाकूड स्वस्त पडते. आपण हिवाळ्यात तीन कॉर्ड जाळले, तर ३९० गॅलन तेल वाचेल, म्हणजे सुमारे १,८०० डॉलर, आणि त्यासाठी १,२०० डॉलरचे लाकूड लागेल. निव्वळ बचत ६०० डॉलरच्या आत राहते. ५,५०० डॉलर भरून निघायला नऊहून अधिक हिवाळे लागतील, तेही तेलाचा भाव सगळी वर्षे इतकाच चढा राहिला तर. २०२२ मध्ये न्यू इंग्लंडमध्ये तेल गॅलनला ५ डॉलरच्या वर गेले होते आणि नंतर बरेच उतरले, हे ध्यानात ठेवावे. ज्यांच्या स्वतःच्या जागेत झाडे आहेत आणि ज्यांना ती तोडण्याचे, फोडण्याचे कष्ट झेपतात, त्यांचे गणित अर्थातच वेगळे असते.

आता दिवाणखान्यातल्या स्टोव्हविषयी. १९७३ च्या अरब तेलबंदीनंतर न्यू इंग्लंडमध्ये घरोघरी असे स्टोव्ह बसले आणि आपला स्टोव्ह त्याच लाटेतला दिसतो. धुराविषयीचे केंद्रीय नियम १९८८ मध्ये आले, त्याच्या आधीचा हा असल्याने तो तासाला १५ ते ३० ग्रॅम इतका सूक्ष्म धूर सोडू शकतो. २०२० पासून विकल्या जाणाऱ्या स्टोव्हना ही मर्यादा २ ग्रॅम, आणि प्रत्यक्ष फोडलेल्या लाकडावर चाचणी केली असल्यास २.५ ग्रॅम आहे. जो धूर बाहेर जातो तो न जळलेले जळणच असते, त्यामुळे जुन्या स्टोव्हला त्याच उबेसाठी अधिक लाकूड लागते. तो दिसायला कितीही भक्कम असला, तरी वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो धुराड्यातल्या ज्या नळीत सोडला आहे, तिच्यातूनच बॉयलरचा धूर जात असेल, तर तो पेटवण्याचा विचारही करू नये. लाकडाच्या स्टोव्हला स्वतःची स्वतंत्र नळी हवी.

ओल्या लाकडाविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. आमच्या पहिल्या हिवाळ्यात एका विक्रेत्याने ‘वाळवलेला ओक’ म्हणून दोन कॉर्ड अंगणात ओतले. गावाकडे वखारीतून मणाच्या हिशेबाने सरपण आणलेले मी लहानपणी पाहिले होते, तरी त्या ओंडक्यांच्या जडपणाचा अर्थ मला कळला नाही. पेटवल्यावर तुकड्यांच्या टोकांतून पाणी फसफसत बाहेर येत असे, दोन दिवसांत काच काळी झाली, आणि वसंतात धुराडे साफ करणाऱ्याने आतल्या भिंतीवरून काचेसारखा चकचकीत काळा थर खरवडून बादलीभर काढून दाखवला. त्या थराला क्रिओसोट म्हणतात. नळीतला धूर सुमारे २५० अंश फॅरनहाइटच्या खाली थंड झाला की त्यातली डांबरासारखी द्रव्ये भिंतीवर धरतात, आणि एखाद्या रात्री जोराचा जाळ झाला की तोच थर पेट घेतो. धुराड्याला आग लागली की आगगाडी जवळून जावी तसा घोंघाट होतो. अशा वेळी शक्य असल्यास स्टोव्हची हवा बंद करावी, सर्वांनी घराबाहेर पडावे आणि ९११ ला फोन करावा.

ताज्या ओकच्या एका कॉर्डमध्ये वाळून जायला हवे असे अर्ध्या टनाहून अधिक पाणी असते. ते पाणी आधी उकळून जावे लागते आणि त्यात खर्च होणारी उष्णता आपल्याच पैशांची असते. म्हणून विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. पिनांचा ओलावामापक फार महाग नसतो, तो घ्यावा. राशीतला एक तुकडा तिथेच फोडून घ्यावा आणि नव्या फोडलेल्या पृष्ठावर मोजावे, कारण वरची साल नेहमीच कोरडी दिसते. आकडा २० टक्क्यांच्या खाली हवा. वाळलेले दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणकन वाजतात, ओले बद्द आवाज करतात. वाळक्याच्या टोकांना मधून बाहेर जाणाऱ्या भेगा पडलेल्या असतात. अ‍ॅश, मेपल किंवा बर्च फोडून ठेवल्यावर साधारण वर्षभरात तयार होतो, ओकला मात्र दोन वर्षे द्यावीत. रास जमिनीला न टेकवता लाकडी पॅलेटवर रचावी, फक्त वरून झाकावी आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात. सगळी रास ताडपत्रीत गुंडाळली की लाकूड वाळण्याऐवजी कुजते. माप ‘फेस कॉर्ड’मध्ये सांगितले, तर ती बहुधा कॉर्डची एक तृतीयांश असते; म्हणून पावतीवर घनफूट लिहून घ्यावे.

तेव्हा यंदा आपण असे करावे असे मला वाटते. बॉयलर चालू ठेवावा. तो पूर्ण बंद केला, तर दिवाणखाना उबदार राहील, पण तळघरातल्या आणि बाहेरच्या भिंतींतल्या पाण्याच्या नळ्या कडाक्याच्या थंडीत गोठून फुटू शकतात, आणि त्या दुरुस्तीत कित्येक वर्षांची बचत जाते. लाकडासाठी ठेवलेल्या पैशांतून आधी घराच्या फटी बुजवाव्यात. जुन्या घरात माळ्यावर चढायचे झाकण, तळघराच्या भिंतीवर जिथे लाकडी चौकट बसते ती कड आणि विजेच्या तारांची भोके, या तीन ठिकाणांहून ऊब सर्वांत अधिक निसटते. एनएच सेव्ह्ज या वीज व गॅस कंपन्यांच्या संयुक्त कार्यक्रमातून घराची तपासणी करून घेता येते. मार्च-एप्रिलमध्ये ओक सोडून दुसरे, आधीच फोडून ठेवलेले लाकूड विकत घ्यावे, उन्हाळ्यात धुराडे तपासून स्टोव्ह बसवावा, गावाचा परवाना घ्यावा आणि घराच्या विमा कंपनीला लेखी कळवावे. पुढच्या हिवाळ्यात आपण लाकूड जाळाल ते निश्चिंतपणे जाळाल.

प्रश्न : माझी आई सांगलीहून दर हिवाळ्यात आमच्याकडे वूस्टर, मॅसॅच्युसेट्स येथे येते. तिने तीस वर्षे चुलीवर स्वयंपाक केला आणि तिला आता दम्याचा त्रास आहे. आम्ही नवा वुड स्टोव्ह घेण्याच्या विचारात आहोत. काचेचे दार बंद असते, तेव्हा धूर घरात येत नाही ना?

उत्तर : आपल्या आईंसाठी मी हा स्टोव्ह घेऊ नका असे म्हणेन. दार बंद असताना चांगल्या स्टोव्हमधून फारसा धूर येत नाही हे खरे, पण दर काही तासांनी लाकूड घालायला दार उघडावे लागते आणि त्या वेळी थोडा धूर खोलीत येतोच. आपल्या घरांत याला आणखी एक कारण आहे. फोडणी देताना आपण ओट्यावरचा मोठा पंखा पूर्ण वेगाने लावतो. न्यू इंग्लंडमधली नवी किंवा नीट बुजवलेली घरे इतकी घट्ट असतात की पंख्याने बाहेर फेकलेल्या हवेची जागा घ्यायला हवा कुठून तरी आत ओढली जाते, आणि ती वाट धुराड्याची असली तर धूर उलटा फिरतो. त्याच्याबरोबर वास नसलेला, विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूही येऊ शकतो. ज्या घरात जाळ आहे, त्या घरात झोपण्याच्या खोल्यांजवळ त्याचा सूचक (डिटेक्टर) असायलाच हवा.

लाकडाच्या धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात, मग ते सांगलीच्या चुलीतले असोत की येथल्या स्टोव्हमधले. न्यू हॅम्पशायरमधले कीन हे शहर खोलगट खोऱ्यात आहे, आणि वारा पडलेल्या थंड रात्री तेथे घराघरांतला धूर वर न जाता खालीच साचतो. भारतात २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅसची जोडणी दिली गेली, ती याच धुरातून बायकांची सुटका व्हावी म्हणून. ज्या माउलीने तीस वर्षे तो धूर सोसला, तिच्या उतारवयात तो पुन्हा तिच्या खोलीत आणू नये. तिच्या खोलीपुरता थंड हवामानासाठी बनवलेला हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या साहाय्याने आत आणणारे यंत्र, बसवावा. तो उन्हाळ्यात थंडावाही देतो. मास सेव्ह या मॅसॅच्युसेट्समधल्या ऊर्जाबचतीच्या कार्यक्रमातून त्यासाठी सवलत मिळते का, याची चौकशी आधी करावी.

प्रश्न : लाकडाऐवजी पेलेटचा स्टोव्ह घेतला तर? आणि केंद्र सरकारची करसवलत अजून मिळते का? (बँगोर, मेन)

उत्तर : पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या लहान कांड्या. ते कोरडे, मोजून मिळणारे आणि साठवायला सोपे असतात: ४० पौंडांच्या ५० पिशव्या म्हणजे एक टन, आणि त्यात साधारण १ कोटी ६० लाख बीटीयू. धूरही कमी होतो. मात्र पेलेट आत ढकलणारा स्क्रू आणि पंखा विजेवर चालतात. डिसेंबर २००८ च्या बर्फवादळात न्यू हॅम्पशायरमध्ये चार लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि काहींकडे ती जवळजवळ दोन आठवडे आली नाही. तेव्हा लाकडाचे स्टोव्ह चालू राहिले. आपल्याकडे जनरेटर किंवा बॅटरी असेल, तर पेलेट खुशाल घ्यावेत. करसवलतीचे म्हणाल, तर ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या स्टोव्हला ती मिळत नाही. विक्रेत्याच्या जुन्या पत्रकावर ३० टक्के सवलत छापलेली असली, तरी ती हिशेबात धरू नये.

प्रश्न : स्टोव्हमधली राख कढीपत्त्याच्या कुंडीत घातली तर चालेल का? वाया घालवणे जिवावर येते.

उत्तर : आधी ती राख पूर्ण थंड होऊ द्यावी. राखेच्या पोटात निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात आणि कागदी पिशवीत किंवा लाकडी डेकवर ठेवलेल्या राखेमुळे घरे जळाली आहेत. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून ती घरापासून दूर, उघड्या जमिनीवर ठेवावी आणि निदान आठवडाभर हात लावू नये. राख चुन्यासारखी क्षारीय असते, म्हणून न्यू इंग्लंडच्या आंबट मातीत, हिरवळीवर किंवा भाजीच्या वाफ्यात ती वसंतात पातळ पसरून टाकली तर उपयोगी पडते. ब्लूबेरीच्या झुडपांना मात्र आंबट मातीच लागते, आणि कढीपत्त्यालाही किंचित आंबट माती मानवते. कुंडीतली माती थोडी असते, तिच्यात मूठभर राखेनेही पाने पिवळी पडू लागतात. कढीपत्त्याला राख घालू नये.