वाचकांचे प्रश्न : स्टेटरचा वन-वे क्लच

प्रश्न : माझी टॉर्क कन्व्हर्टरची जुनी ऑटोमॅटिक गाडी सिग्नलवरून सुटताना आणि खंबाटकीच्या चढावर थांबून पुन्हा निघताना अगदी मरगळलेली वाटते, महामार्गावर वेग घेतल्यानंतर मात्र काहीच तक्रार नसते. मेकॅनिकच्या मते ‘वन-वे क्लच’ गेला आहे. हा क्लच काय काम करतो? गिअरबॉक्स उघडावाच लागेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही सांगितलेली लक्षणे पाहता मेकॅनिकचा अंदाज मला पटतो. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग. त्यात इंजिनाबरोबर फिरणारा पात्यांचा इंपेलर तेल गिअरबॉक्सला जोडलेल्या टर्बाइनच्या पात्यांवर फेकतो. गाडी सुटत असताना टर्बाइनमधून परतणारे तेल इंपेलरच्या फिरण्याविरुद्ध येते आणि तसेच आत शिरले तर इंजिनालाच अडवते. म्हणून मध्ये बसवलेल्या स्टेटरची बाकदार पाती त्याला योग्य दिशेने वळवतात, आणि त्यामुळेच सुटताना टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण दुप्पट मिळतो. मात्र त्यासाठी स्टेटर जागेवर घट्ट रोखलेला असावा लागतो. पुढे टर्बाइनचा वेग इंपेलरच्या सुमारे ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत गेला की तेल पात्यांच्या मागच्या बाजूवर आदळू लागते. तेव्हा स्टेटर मोकळा फिरला नाही तर तोच अडथळा ठरतो.

ही दोन्ही कामे वन-वे क्लच करतो. त्याची आतली कडी न फिरणाऱ्या शाफ्टवर बसते, बाहेरची स्टेटरमध्ये, आणि दोहोंमधले रोलर किंवा स्प्रॅग (तिरके बसवलेले छोटे ठोकळे) एका दिशेने पाचरीसारखे अडकतात, तर दुसऱ्या दिशेने सुटतात. ते झिजून दोन्हीकडे घसरू लागले की तुमच्यासारखी तक्रार येते. क्लच जाम झाला तर उलट घडते : गाडी छान सुटते, पण वेगात दम लागतो आणि तेल तापते.

खर्चात पडण्यापूर्वी इंजिनाची ताकद तपासून घ्या, कारण अशक्त इंजिनही असेच वागते. नंतर कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच, समोर मोकळी जागा ठेवून, जाणकाराकडून स्टॉल चाचणी, म्हणजे गाडी ब्रेकवर रोखून इंजिन किती वेगाने फिरते ते पाहण्याची चाचणी, करून घ्या. ब्रेक पूर्ण दाबून ‘डी’मध्ये ॲक्सिलरेटर दाबायचा तो पाच सेकंदांहून अधिक नाही, एवढ्यातही तेल फार तापते. इंजिन निरोगी असूनही आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) पुस्तिकेतील आकड्याच्या बरेच खाली राहिले, तर स्टेटर घसरत आहे. आरपीएम त्याहून वर गेले, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचमध्ये असतो.

कन्व्हर्टर काढण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल, पण तो आतून खोलण्याची गरज असेलच असे नाही. कन्व्हर्टर सहसा वेल्डिंगने बंद केलेला असल्याने तो अखंड बदलतात किंवा कापून दुरुस्त करतात. जुन्या तेलात धातूचा चुरा दिसला, तर मात्र ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्याशिवाय नवा कन्व्हर्टर बसवू देऊ नका.