पाचवीतल्या मुलाला वाचता येत नाही, तर सुरुवात कुठून?

जिल्हा परिषदेच्या मागे पडलेल्या शाळा वर कशा आणायच्या, यावर नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पाच प्रश्नांची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न : निफाड तालुक्यातल्या पहिली ते सातवीच्या शाळेचा प्रभारी मुख्याध्यापकाचा कारभार जूनपासून माझ्याकडे आला आहे. पट ९०, माझ्यासह चार शिक्षक. निकालपत्रकात सगळं ठीक दिसतं, पण पाचवी-सहावीतल्या बऱ्याच मुलांना धडा वाचता येत नाही. पहिलं पाऊल कोणतं?

पहिला आठवडा फक्त तपासणीला द्या, आणि ती तोंडी करा. लेखी चाचणीत शेजाऱ्याचं बघून लिहिलेलं खपून जातं. एकेका मुलाला जवळ बसवून मोठ्यानं वाचायला लावायचं. चार पातळ्यांचा एक कागद पुरतो : सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या तोडीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या तोडीची आठ-दहा ओळींची गोष्ट. ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या, २००५ पासून चालत आलेल्या 'असर' पाहणीतही हीच उतरंड असते. सुरुवात उताऱ्यापासून करा. जमला तर गोष्टीकडं जा, अडला तर शब्दांवर या, तेही अडले तर अक्षरांवर. पाच शब्दांपैकी चार बरोबर आले तर मूल शब्दाच्या पातळीवर धरायचं. एका मुलाला पाच मिनिटं धरली तर ९० मुलांचे साडेसात तास होतात. चौघांत वाटले तर प्रत्येकी दोन तासांहून कमी.

दोन पथ्यं पाळा. वर्गशिक्षकानं स्वतःचा वर्ग तपासू नये. आणि उतारा पाठ्यपुस्तकातला नको, कारण धडे मुलांना तोंडपाठ असतात. पाठ म्हणणाऱ्या मुलाचं बोट आणि आवाज यांचा मेळ बसत नाही; बोट 'पिशवी'वर असतं तेव्हा तोंड ओळीच्या शेवटाला पोचलेलं असतं. शंका आली की ओळीतला शेवटचा शब्द आधी वाचायला सांगा, लगेच कळतं.

मूल कुठं अडलं तेही नावापुढं लिहा, कारण पुढचं शिकवणं त्यावरच ठरतं. पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर, म्हणून 'काका' सहज वाचणारं मूल 'पिशवी'पाशी थांबतं. रफाराचं उलटं : 'गर्दी'त तो दिसतो द-वर, पण म्हणायचा असतो त्याच्या आधी. अशा मुलाला 'वाचन कच्चं' असा शेरा देऊन काही साधत नाही. त्याला पहिल्या वेलांटीचे वीस शब्द हवे असतात.

मग तिसरी ते सातवीची मुलं इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे तीन गटांत बसवा, आणि पहिली-दुसरी चौथ्या शिक्षकाकडं ठेवा. परिपाठ संपला की रोज दीड तास भाषेचा. अक्षराच्या गटाला शाळेतला सर्वांत हातखंडा शिक्षक द्या. बहुतेक शाळांत तो सातवीला अडकलेला असतो आणि सर्वांत अडलेली मुलं ज्याला वेळ आहे त्याच्याकडं जातात; गाडी रुतते ती इथेच. दीड तासात चित्रावर गप्पा, शिक्षकानं बोट फिरवत केलेलं गोष्टीचं वाचन, बाराखडीच्या तक्त्यावरून दहा मिनिटं, शब्द जोडण्याचा खेळ आणि शेवटी मनानं दोन-तीन ओळी लिहिणं. प्रत्येक मुलानं रोज एकदा तरी एकट्यानं मोठ्यानं वाचलंच पाहिजे. सामुदायिक वाचनात न वाचणारी मुलं ओठ हलवून निभावून नेतात.

संपूर्ण बाराखडी घोटून झाल्याशिवाय वाक्याला हात लावायचा नाही, हा हट्ट सोडा. पंधरा-वीस अक्षरं आणि काना-वेलांटी आली की त्यांतच बसणाऱ्या छोट्या ओळी द्या. अर्थ लागला की मूल पुढच्या अक्षरासाठी स्वतःच धडपडतं.

गणितासाठी दुपारी पाऊण तास, दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून. हातच्याची वजाबाकी चुकते तेव्हा खोट बहुतेक वेळा दशक-एककाच्या समजेत असते. जुडी सोडून दहा काड्या सुट्या केल्याचं मुलानं स्वतःच्या हातानं केलं पाहिजे.

सहा आठवड्यांनी पुन्हा तोंडी तपासणी करून गट बदला. हे राहिलं की खालचा गट 'ढ मुलांचा' होऊन बसतो, आणि मुलं ते फार लवकर ओळखतात.

प्रश्न : पेठ तालुक्यातल्या आमच्या शाळेत दोन शिक्षक 'अभ्यासक्रम कधी संपवायचा?' म्हणून पातळीप्रमाणे केलेल्या गटांना विरोध करतात, आणि माझा निम्मा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. मुख्याध्यापकानं काय करावं?

सर्वांत अवघड गट तुम्ही स्वतः घ्या. तुम्ही रोज त्या वेळेला खाली चटईवर बसलेले दिसलात की निम्मा वाद मिटतो. अभ्यासक्रमाच्या मुद्द्याला सरळ उत्तर आहे : वाचता न येणाऱ्या मुलापुढं संपवलेला अभ्यासक्रम त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नं प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवण्याचं कर्तव्य शिक्षकावर टाकलं आहे, तेही दाखवा. पण आधी दोन्ही शिक्षकांना त्यांच्या वर्गातल्या चार मुलांचं वाचन शेजारी बसून ऐकू द्या. मुलाच्या तोंडून ऐकलेलं परिपत्रकापेक्षा जास्त पटतं.

आठवड्यातून एकदा प्रत्येक वर्गात वीस मिनिटं बसा. तीन वह्या बघा : वर्गातल्या हुशार मुलाची, मधल्याची आणि शेवटच्या रांगेतल्याची. बाहेर आल्यावर एकच सूचना द्या आणि पुढच्या आठवड्यात तेवढीच तपासा. सात सूचना दिल्या तर एकही पाळली जात नाही.

माहिती भरण्याचं काम भाषेच्या दीड तासाच्या वेळेत घ्यायचं नाही, तातडीचं टपाल असलं तरी. शाळा सुटण्याआधीचा अर्धा तास त्याला ठरवा, आणि तसं गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या गावात छाटणीपासून द्राक्षबागेच्या कामाला बाहेरगावची कुटुंबं येतात, त्यांची मुलं मळ्यावरच असतात. गावातल्या मोठ्या मुलीही धाकट्या भावंडांसाठी घरी राहतात. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. सहीपलीकडं आम्हाला काही करता येतं का?

ताई, बरंच काही करता येतं. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात हे शिक्षण हक्क कायद्यानं ठरवलं आहे, ते सहीपुरतं नाही. शाळेचा विकास आराखडा करणं आणि शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम आहे.

सप्टेंबरअखेर, गोडी छाटणीच्या आधी, बागायतदारांकडून कोणत्या मळ्यावर किती कुटुंबं येणार याची यादी घ्या. मजूर आले की त्याच आठवड्यात दोन सदस्य आणि एक शिक्षक यांनी संध्याकाळी मळ्यावर जायचं. दिवसा माणसं भेटत नाहीत. दाखला नाही म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, हे कलम ५ मध्ये स्पष्ट आहे. मूल त्या दिवशीच वर्गात बसवा, दाखला मागाहून येईल. मूळ शाळेनं शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या शिक्षणाची नोंद) दिलं असेल तर ते बघा आणि परत जाताना त्यावर इथल्या वाचनाची पातळी लिहून द्या. नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये ते मूल तिकडं पुन्हा अक्षरापासून सुरू करतं.

मुलींचा प्रश्न अंगणवाडीच्या वेळेचा आहे. अंगणवाडी उशिरा उघडत असेल किंवा शाळेच्या आधी सुटत असेल तर धाकट्याला सांभाळायला थोरलीच घरी राहते. अंगणवाडीताईंना समितीच्या बैठकीला बोलवा आणि दोन्ही वेळा जुळवून घेण्याचा ठराव करा. हजेरीपटावर एकूण टक्केवारी न बघता महिन्यात सहापेक्षा जास्त दिवस गैरहजर असलेल्या मुलांची नावं वाचा. ८५ टक्के हजेरीच्या शाळेतही रोज तीच पाच मुलं गैरहजर असू शकतात.

प्रश्न : सुरगाणा तालुक्यातली दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट ३४. मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात, पहिलीत मराठी समजतच नाही. काय करावं?

ही मुलं मुकी नसतात, भाषा नवी असते. पहिले दोन महिने मुलांना त्यांच्याच भाषेत बोलू द्या आणि तुम्ही रोजच्या वापरातले चाळीस-पन्नास शब्द शिका : पाणी, भूक, दुखतंय, ये, बस, घर, शेत. चौथीतली मुलं आणि मुलांच्या आया आनंदानं शिकवतात. शब्द वहीत मराठीच्या शेजारी देवनागरीत लिहा. मुलानं त्याच्या भाषेत सांगितलेलं वाक्य फळ्यावर तसंच लिहा, ते त्याच्याकडून वाचून घ्या, मग खाली मराठी लिहा. 'असं नाही म्हणायचं' हे वाक्य वर्गातून काढून टाका. त्यानंतर मूल आठवडाभर बोलत नाही.

एका शिक्षकाकडं पहिली-दुसरी, दुसऱ्याकडं तिसरी-चौथी ठेवा. एका इयत्तेला शिकवताना दुसरीला नुसतं 'लिहून काढा' दिलं तर तो वेळ वाया जातो. तिला जोडीत वाचायला द्या, म्हणजे एक वाचतो, दुसरा ओळीवर बोट ठेवून चूक पकडतो. ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मंजूर असतात. त्यामुळं एक जण रजेवर गेला तर काय, याचं नियोजन केंद्रप्रमुखांशी आधीच बोलून ठेवा.

प्रश्न : मी केंद्रप्रमुख आहे, माझ्याकडं बारा शाळा. भिंती रंगवणं, टॅब, लोकवर्गणी यांची मागणी खूप येते. आधी काय घ्यावं?

मुलींचं वापरण्याजोगं स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी आधी. रंग आणि टॅब वर्षभर थांबले तरी चालतात. लोकवर्गणी जमलीच तर मोठ्या अक्षरांची गोष्टीची पुस्तकं घ्या आणि ती कपाटात कुलूपबंद न ठेवता दोरीवर टांगा.

बारा शाळांना सारखा वेळ देऊ नका. तोंडी तपासणीत सर्वांत मागे असलेल्या तीन निवडा आणि तिथं दर दहा दिवसांनी पूर्ण दीड तास थांबा. पाच मुलांचं वाचन स्वतः ऐका. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला ६० शब्द अर्थ समजून वाचता यावेत हे 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचं लक्ष्य आहे, त्यासाठी मोबाइलचं घड्याळ पुरतं. मात्र वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारल्याशिवाय वेग लिहू नका. शेरेबुकात 'शाळा उत्तम, प्रगती समाधानकारक' लिहायचं सोडा. 'चौथीतली तीन मुलं रफारापाशी अडतात, पुढच्या भेटीत ऐकेन' असं लिहा, आणि त्या तारखेला त्याच तीन मुलांना बोलवा.